उष्ट्या हाताचा शब्द

अतिथीला कोठे जेवू घालावे, हा प्रश्न वैजयंती जोगळेकर हिला कंपनीच्या पाहुण्यांची सरबराई करण्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीत शेकडो वेळा पडला होता आणि त्याचे उत्तर तिने कधीही घाईने दिले नव्हते. पाहुणा कोठून येतो, काय वर्ज्य करतो, जेवताना बोलतो की जेवण झाल्यावर, त्याचे गुडघे दुखतात का, कान मंद आहेत का, एवढे सगळे ती आधी चौकशीने काढून घेई आणि मगच पुण्यातल्या एखाद्या उपाहारगृहाचे नाव उच्चारी. कान मंद असलेल्या माणसाला वाद्यांच्या गजरात जेवायला बसवणे हे तिच्या लेखी त्याला उपाशी ठेवण्यासारखेच होते.

परंतु सन दोन हजार त्रेचाळीसच्या माघात आलेला प्रश्न नेहमीचा नव्हता. समुद्राचे पाणी गोड करणारे, अतिसूक्ष्म रंध्रांचे पडदे तिच्या कंपनीच्या वाईच्या कारखान्यात तयार होत. मॉरिशसमधल्या एका मोठ्या जलकंपनीचे मालक जयराम भिवाजी आणि त्यांच्या थोरल्या भगिनी अनसूयाबाई गुरुवारी पुण्यात येणार होते. त्यांनी हे पडदे घेतले तर कारखाना चालणार होता. न घेतले तर चैत्रात यंत्रे थांबणार होती आणि एकशे चाळीस माणसे घरी बसणार होती. त्यांतल्या बहुतेकांना वैजयंती नावानिशी ओळखत होती, कारण ती मूळची वाईचीच.

"तीन नावं काढलीत म्हणे," कंपनीचे प्रमुख सबनीस यांनी विचारले.

"हो साहेब. एक कॅम्पातलं जुनं. शांत आहे, खुर्च्या ऐसपैस आहेत. दुसरं नदीकाठचं, बागेतलं."

"आणि तिसरं?"

"तिसरं लिहून खोडलंय."

"मग मला खोडलेलंच हवं." सबनीस हसले. "महानस ना? अहो जोगळेकरबाई, तिथे पान मिळावं म्हणून लोक नवस बोलतात, आणि तुम्ही खोडता?"

"तिथे काय करतात ते मला समजत नाही. जे मला समजत नाही, ते मी पाहुण्याच्या पानात वाढत नाही."

"मग समजून घ्या. उद्या दुपारी तुम्हीच जेवून या. पण गुरुवारी पान तिथेच मांडायचं, एवढं ठरलं असं धरा."

बाणेरच्या टेकडीलगतच्या एका उत्तुंग इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर महानस होते. आत शिरताच वैजयंतीला पहिले नवल वाटले ते या गोष्टीचे की तेथे कसलाही वास नव्हता. फोडणीचा नाही, फुलांचा नाही, लाकडाचा नाही. जणू कोणी लिहिण्यापूर्वी पाटी स्वच्छ पुसून ठेवली होती.

महानसाचे संस्थापक डॉक्टर ईशान बापट स्वतः सामोरे आले. चाळिशीचा, मितभाषी माणूस. पंधरा वर्षे मेंदूचे संशोधन करून तो स्वयंपाकघरात आला होता.

"नाव कोणी ठेवलं?" तिने विचारले.

"आजोबांनी. न्यायशास्त्र शिकवायचे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, कारण जिथे धूर तिथे अग्नी, जसा महानसात, म्हणजे स्वयंपाकघरात. अनुमानाचं हे उदाहरण त्यांनी आयुष्यभर मुलांना सांगितलं."

वैजयंतीच्या मुखावर स्मित उमटले. "माझे वडील, भाऊ, वाईला पाठशाळेचे आचारी होते. मुलं हेच वाक्य घोकत बसायची. भाऊ म्हणायचे, यांना अग्नी सिद्ध करायला माझा महानस लागतो, पण तो पेटवायला पहाटे एकही उठत नाही."

बापट मनापासून हसले. नंतर त्यांनी तिच्या हातात एक पांढरा, चेंडूसारखा गोल पेला दिला. त्यात कोमट पाणी होते.

"सावकाश प्या. तेवढ्या वेळात मी सांगतो. आपल्या नाकात गंध ओळखणाऱ्या कणांच्या सुमारे चारशे जाती आहेत. प्रत्येकाच्या नाकात त्यांचं मिश्रण वेगळं. म्हणून एकाच चाफ्याचा वास तुम्हाला आणि मला सारखा येत नाही. दुसरी गोष्ट. दृष्टी, श्रवण, स्पर्श, हे सगळे मेंदूत शिरताना एका देवडीवर थांबतात, तिथे त्यांची झडती होते, मग ते पुढे जातात. गंधाला ती देवडी नाही. तो थेट आतल्या माजघरात जातो, जिथे भावना आणि आठवणी शेजारी शेजारी राहतात."

"आणि हा पेला?"

"याच्या काठाला सूक्ष्म रंध्रं आहेत. तुम्ही पाणी पीत असताना त्यांतून एकशे ऐंशी गंध एकामागून एक सुटले. इतके अल्प, की तुम्हाला एकही कळला नाही. पण तुमच्या डोळ्यातल्या बाहुलीला कळला, तळव्याला कळला, गालावरच्या रक्ताला कळला. पेला आणि समोरचा तो कॅमेरा ते टिपत होते. कोणत्या गंधांच्या जुळणीला तुमची सर्वांत जुनी सुखाची आठवण बांधलेली आहे, याचं यंत्र अनुमान करतं. आठवण कोणती, ते त्याला मुळीच कळत नाही. त्याला धूर दिसतो. अग्नी तुमचा तुम्ही पाहायचा. मग आमच्या गंधकोशातून ती जुळणी होते आणि पानात येते."

पानात आले ते साधे वरण-भात, वर तूप. महानसात चमचे नव्हते, कारण बोटांच्या उबेने गंध मोकळा होतो. वैजयंतीने भात कालवला, घास उचलला, आणि तो ओठांपर्यंत पोचण्यापूर्वीच बाविसावा मजला नाहीसा झाला.

बाभळीचा धूर. हिंग. ओल्या पंच्याचा आंबूस दमटपणा, आणि त्याखाली दबलेला तंबाखूचा तिखटपणा. ती सहा वर्षांची होती आणि भाऊंच्या खांद्यावर बसली होती. पंगती उठल्या होत्या, घाटावर ऊन उतरत होते. भाऊ तिला खिरीच्या पातेल्यातली खरवड एका पानाच्या तुकड्यावर देत होते आणि म्हणत होते, "वैजू, ही फक्त आचाऱ्याच्या लेकीला मिळते हो." भाऊंना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. त्यांचा चेहरा तिला छायाचित्रावाचून आठवेनासा झाला होता. आणि आता तो चेहरा, कपाळावरच्या काजळीच्या बोटासकट, तिच्याकडे खाली वाकून पाहत होता.

प्राचीनांनी मंत्राच्या सामर्थ्याविषयी जे काही सांगून ठेवले आहे, त्यावर तिचा त्या क्षणी विश्वास बसला. काही अक्षरांनी देवता प्रकट होत असतील, तर काही रेणूंनी पिता का प्रकट होऊ नये? तिने मनोमन हात जोडले. कोणाला जोडले, ते तिला सांगता आले नसते.

"बाई," कोणीतरी अगदी हळू म्हणाले, "इथे अंगठा."

तिने काचेच्या पाटीवर अंगठा टेकवला. पानावरून उठून, हात धुऊन, खिडकीपाशी उभी राहिल्यावर तिच्या ध्यानी आले की आपण काय टेकवले ते आपण वाचलेच नाही. ती परत आली. पाटीवर तुपाचा अंगठा स्पष्ट उमटला होता. एक भाताचे शीतही चिकटले होते. त्याखाली यजमानासाठी दोन अटी होत्या. पाहुण्यांच्या मनाची नोंद यजमानाच्या मनगटी कड्यावर कळवली जाईल, आणि मन मऊ झाल्याच्या क्षणी कडे थरथरेल. आणि दुसरी: यजमानाने पाहुण्यांना याची पूर्वकल्पना देऊ नये.

"पूर्वकल्पना का नाही?"

"मन सावध झालं की धूर विस्कटतो," बापट म्हणाले. त्यांच्या स्वरात कपट नव्हते. आपल्या प्रयोगाविषयी बोलणाऱ्या माणसाची ती निष्पाप काळजी होती. "बहुतेक यजमान कडं थरथरताच कराराचा कागद पुढे करतात. पाहुण्यानं नाही म्हटल्याचं अजून तरी ऐकिवात नाही."

भाऊंचा एक नियम होता. लग्नाच्या पंगतीत देणेघेणे, सोयरीक, जमिनीचा व्यवहार, काहीही निघाले तर पळी हातात घेऊन ते मध्ये उभे राहत. "उष्ट्या हातानं शब्द द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. पोटात अन्न उतरत असतं तेव्हा माणूस पोराएवढा होतो. आधी हात धुवा, पुसा, मग काय ते बोला." भलेभले सावकार त्या काळ्याकुट्ट पळीपुढे गप्प बसत. आणि त्याच भाऊंच्या लेकीने, भाऊंच्याच गंधात बुडालेली असताना, उष्टा अंगठा देऊन टाकला होता. यंत्राची याहून मोठी परीक्षा कोणती असणार?

हे सगळे तिने सबनीसांना सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे चालतं तर."

"चालतं म्हणूनच भीती वाटते, साहेब."

"भीती मलाही वाटते, चैत्राची. बाई, आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना बोटीवर नेलंय, द्राक्षांच्या मळ्यात नेलंय. आपण एक वरण-भात वाढणार. आपले पडदे खोटे आहेत का?"

"नाहीत."

"मग खऱ्या मालासाठी मन थोडं मऊ केलं तर पाप कसलं? पटत नसेल तर वाईला जा, त्या एकशे चाळीस जणांना उभं करा, आणि भाऊंचा नियम समजावून सांगा."

यावरचे उत्तर शोधत वैजयंती तीन दिवस वावरली.

गुरुवारी दुपारी साडेबाराला पाहुणे आले. जयरामबाबू सदुसष्ट वर्षांचे, गोल चेहऱ्याचे, हसरे. अनसूयाबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या ताठ, पांढऱ्या सुती साडीत. दोघांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांत कामाला गेले होते. त्यांच्याबरोबर गेलेली मराठी त्या बेटावर लोणच्यासारखी मुरून राहिली होती. म्हणून थोरल्या बहिणीला जयरामबाबू अजून 'बाय' म्हणत.

"बाय, बघ तरी, अख्खं पुणं पायाखाली आहे."

"पुणं पायाखाली असून काय उपयोग? पाय दुखतायत. बसू दे आधी."

वैजयंतीने पाठीला उंच आधार असलेली खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. अनसूयाबाईंनी ती पाहिली, वैजयंतीकडे पाहिले, आणि पाठ टेकून त्या बसल्या.

दोन पांढरे पेले आले. जयरामबाबूंनी हात पुढे केला, आणि ज्या उत्तरासाठी वैजयंती तीन दिवस तळमळत होती ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडले.

"थांबा, जयरामबाबू. हे नुसतं पाणी नाही."

तिने सर्व सांगितले. पेल्याची रंध्रे, एकशे ऐंशी गंध, धूर आणि अग्नी, मनगटावरचे कडे, कागद पुढे करायचा क्षण. आपला तुपाचा अंगठासुद्धा तिने लपवला नाही. बापट दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, आपण अट मोडलीत. आता मला हे पान बंद करावं लागेल."

"बंद कशाला?" जयरामबाबू म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "मला पाहायचंय हो! चोरून पाजलं असतं तर राग आला असता. आता मी मागून पितो. मग तर झालं?"

"सावध मनावर चालेल याची खात्री नाही."

"नाही चाललं तर वरण-भात तरी मिळेल ना?"

"आणि माझा पेला घेऊन जा," अनसूयाबाई म्हणाल्या. "महामारीत माझं नाक गेलं. तेवीस वर्षं झाली. मीठ कळतं, गोड कळतं, कडू कळतं. वास म्हणून काही येत नाही. चंदन आणि चप्पल मला सारखीच."

बापटांनी मान लववली. तरीही त्यांनी विनंती केली की पेला हातात नुसता धरावा, नाडी दिसली तर अभ्यासाला उपयोग होईल. "धरते. तुमचं मन का मोडू?" म्हणून अनसूयाबाईंनी तो धरला. जयरामबाबूंनी आपला पेला संपवला, तशा भिंतीवरच्या छोट्या पाटीवर मनाची चढउतार दाखवणाऱ्या दोन रेषा उमटल्या. भावाची रेषा पाण्यावरच्या लहरीसारखी हलत होती. बहिणीची सरळ, निश्चल.

दोघांपुढे वरण-भाताची पाने आली; जयरामबाबूंच्या पानात भाजलेल्या नीरफणसाचे दोन कापही होते. त्यांनी एक तुकडा मोडला, नाकाशी नेला, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

सावध मनावरही तो गंध चालला. सूर्य उगवणार हे ठाऊक असूनही सूर्योदय पाहणारा स्तब्ध होतोच; तसे ते स्तब्ध झाले.

"बाय," ते म्हणाले, "तुफान आलंय."

"काय?"

"साखरेच्या गिरणीचं गोदाम. दुपार आहे पण अंधार. पत्रे उडतायत. ओल्या गोणपाटाचा वास, घासलेटचा वास, मळीचा वास. मी गोणपाटात गुंडाळलेला. आई निखाऱ्यावर नीरफणस भाजतेय. साल काळी पडलीय, फुटतेय, आतून वाफ येतेय. फुंकर मारून मला भरवतेय. म्हणतेय, वारा बाहेर आहे, तू आत आहेस."

अनसूयाबाईंचा हात पेल्याभोवती घट्ट झाला. भिंतीवरची निश्चल रेषा किंचित थरारली. बापट दोन पावले पुढे आले.

"अजून सांग," त्या म्हणाल्या.

"साल कडू लागते. आई ती स्वतः खाते, गर मला देते. तिच्या बांगड्या—"

"बांगड्या नव्हत्या, जयराम."

"होत्या ना, वाजत होत्या."

"ती चिमट्याची कडी वाजत होती." अनसूयाबाईंनी साडीचा काठ मागे सारला. डाव्या मनगटावर, त्र्याहत्तर वर्षांच्या सुरकुत्यांमध्ये, भाजल्याचा एक जुना, गुळगुळीत डाग होता. "आई तेव्हा इस्पितळात होती. तुफानानंतर आठ दिवसांनी ती गेलीच. गोदामात आपण दोघंच होतो. तू चार वर्षांचा, मी दहाची. भाजत होते ती मी."

जयरामबाबू त्या डागावर वाकले. "त्रेसष्ट वर्षं... बाय, त्रेसष्ट वर्षं मी हीच गोष्ट सांगतोय. लग्नात सांगितली, नातवंडांना सांगितली. तू समोर बसलेली असायचीस. एकदा तरी बोलायचंस!"

"तुझ्यापाशी आईची तेवढी एकच आठवण होती रे. ती कशी काढून घेऊ?"

"मग आज?"

"आज तू इतकं सांगितलंस की..." त्या थांबल्या. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले, आणि तेवीस वर्षांत न केलेली गोष्ट केली: वास घेण्यासाठी खोल श्वास घेतला. "मला वास आला. घासलेट, गोणपाट. माझ्या हाताची कातडी जळाल्याचासुद्धा आला. आणि मग गप्प राहवेना."

भिंतीवर दोन्ही रेषा आता एकाच लयीत चढत-उतरत होत्या. बापट त्यांच्याकडे देवळात उभे राहावे तसे पाहत होते. "त्यांच्या नाकात एकही गंध पोचत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. "पोचला तो नुसता शब्द. आमच्या गंधकोशात ही गोष्ट कुठेच नाही." त्यांच्या यंत्राने काळ ओळखला होता, स्थळ ओळखले होते, निखारासुद्धा अचूक ओळखला होता, फक्त हात कोणाचा, ते त्याला सांगता आले नव्हते. ते सांगायला जिवंत माणूस लागले.

याच क्षणी वैजयंतीच्या मनगटावरचे कडे थरथरले. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिने ते काढले आणि रुमालाखाली ठेवले. तेथेही ते घुंगुरट्यासारखे गुणगुणत राहिले.

"ते काय वाजतंय?" अनसूयाबाईंनी डोळे पुसत विचारले.

"ते मला सांगतंय की आता कागद पुढे करा."

"मग? कुठे आहे कागद?"

"पिशवीत आहे. पण आमच्या घरी उष्ट्या हाताने शब्द देत नाहीत, घेतही नाहीत. जेवा तुम्ही. भात निवतोय."

अनसूयाबाई तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मग त्यांनी उरलेला नीरफणसाचा काप उचलला, त्याची करपलेली साल काढून आपल्या पानात ठेवली आणि गर भावाच्या पानात. जयरामबाबूंनी तो परत बहिणीच्या पानात सारला.

"आज साल माझी," ते म्हणाले.

"चार वर्षांचा होतास तेव्हापासून हट्टी."

"आणि तू दहाची होतीस तेव्हापासून म्हातारी."

वैजयंतीने आग्रह करकरून दोघांना वाढले. पाण्याच्या पडद्यांविषयी त्या पंक्तीत एक अक्षर निघाले नाही. हात धुवायला तांब्याचे तस्त आले, लिंबाच्या फोडी आल्या. अनसूयाबाईंनी एकेक बोट स्वच्छ केले, रुमालाने पुसले, आणि दोन्ही तळवे वैजयंतीपुढे उताणे धरले.

"हे बघ. कोरडे झाले. आता विचार काय विचारायचं ते."

वैजयंतीने पिशवीला हात लावला नाही. "उद्या सकाळी वाईला याल का, बाई? कागद राहू द्या. आमच्या यंत्रातून निघालेलं पाणी एक पेलाभर प्या. समुद्राचं आहे. तुम्ही म्हणालात, मीठ तुम्हाला कळतं."

"चांगलं कळतं. नाक गेल्यापासून जीभ जास्तच तिखट झालीय. खारट लागलं तर तोंडावर सांगेन हो."

"तोंडावरच सांगा."

"आणि गोड लागलं तर," अनसूयाबाई काठी सावरत उठल्या, "हात धुऊन, पुसून शब्द देईन. तो मग मॉरिशस बुडालं तरी फिरत नाही."

जयरामबाबू बहिणीचे मनगट, जेथे डाग होता तेथेच, धरून उद्वाहकाकडे निघाले. बापटांनी भिंतीवरची पाटी विझवली, आणि वैजयंतीचा तुपाचा अंगठा असलेली काच आपल्या हाताने पुसून तिला दाखवली.

खाली रस्त्यावर आल्यावर सबनीसांचा फोन आला. "काय बाई, झालं का? कडं थरथरलं?"

"थरथरलं, साहेब."

"मग सही?"

तिने नकळत आपला उजवा हात नाकाशी नेला. यंत्राचा गंध उडून गेला होता. बोटांना फक्त लिंबाचा आणि पाण्याचा वास होता.

"हात धुऊन झालेत," ती म्हणाली. "उद्या वाईला गाडी पाठवते. आणि कारखान्यात सांगून ठेवा, पेले काचेचे काढा, आणि सगळ्या एकशे चाळीस जणांना उभं राहू द्या. त्यांनाही भाऊंचा नियम ऐकू द्या."